परदेशातली मैत्री आणि स्पॅनिशचे तास

१. कुडाळातला प्रश्न

घरातलं पोर शिकायला बाहेरदेशी निघालं की कुडाळात आधी चौकशी होते ती फीची, व्हिसाची आणि राहायच्या जागेची. कागदपत्रं मार्गी लागली की आजी खरा प्रश्न विचारते : ‘‘चेडू शिकाक जाता ता बरा, पन थंय तिका सोबतीक कोण गावतला काय?’’ देश स्पेन किंवा मेक्सिको असेल तर मुलीच्या मनात आणखी एक धाकधूक असते. वर्गात शिकलेली स्पॅनिश तिथल्या माणसांसमोर तोंडातून फुटेल का?

वरवर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात एकाच्या पोटात दुसरा आहे. मित्र मिळाले नाहीत तर भाषा वहीतच राहते आणि भाषा बोललीच नाही तर मैत्री ‘हाय-हॅलो’च्या पुढे सरकत नाही. स्पॅनिश ही जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा आणि २० देशांची राजभाषा. माणसांची टंचाई नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं कसं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

समजण्यासाठी एक मुलगी डोळ्यांसमोर धरू. कुडाळ तालुक्यातल्या मुळदे इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे. तिथून पदवी घेऊन ती स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्मेरियाला पुढचं शिकायला गेली आहे असं समजू. या प्रांतात सुमारे ३० हजार हेक्टरांवर प्लास्टिकची हरितगृहं पसरली आहेत. युरोपातली हिवाळ्यातली बरीचशी भाजी तिथून जाते. फळबागांचं शिक्षण घेतलेल्या मुलीला याहून चांगली शाळा कुठली?

२. तिथे गेलं की भाषा आपोआप येते का?

बहुतेकांना वाटतं, येते. पाण्यात ढकललं की पोहता येतं, हा समज भाषेच्या बाबतीतही पक्का आहे. तो तपासण्यासाठी बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्युई या संशोधकांनी फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे तीन गट घेतले. एक गट आपल्याच कॉलेजात नेहमीच्या वर्गाला बसणारा, दुसरा थेट फ्रान्सला गेलेला आणि तिसरा अमेरिकेतच राहून उन्हाळ्यात फक्त फ्रेंचमध्ये वावरणाऱ्या निवासी वर्गाचा. २००४ मध्ये निष्कर्ष आले. बोलण्याच्या सफाईत सर्वांत पुढे गेला तो तिसरा गट, म्हणजे देशाबाहेर न गेलेला!

कारण साधं होतं. या मुलांनी दिवसभर फ्रेंच बोलण्यात आणि ऐकण्यात सर्वांत जास्त तास घालवले होते. फ्रान्सला गेलेली मुलं वर्गाबाहेर आपापसांत इंग्रजीच जास्त बोलत होती. पासपोर्टवरच्या शिक्क्याने काही होत नाही, तोंड किती वेळ चाललं त्याने होतं.

अल्मेरियाच्या मुलीसाठी यातला अर्थ उघड आहे. सकाळी प्रयोगशाळेत इंग्रजी, संध्याकाळी खोलीत घरच्यांशी व्हिडिओ कॉल, रात्री मराठी मालिका, असा दिवस गेला तर ती स्पेनमध्ये राहूनही स्पॅनिशच्या बाहेरच राहते.

३. वर्ध्याचे खानखोजे मेक्सिकोत

मराठी माणसाने परक्या मुलुखात माणसं जोडत जोडत स्पॅनिश आपलीशी केल्याचं सर्वांत मोठं उदाहरण विदर्भातलं आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, क्रांतीच्या ओढीने, ते जपानमार्गे अमेरिकेला पोहोचले. तिथे लष्करी शिक्षण घेतलं, शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत सामील झाले. पैशांसाठी आणि संघटनेसाठी ते शेतमजुरांत मिसळत. तिथे पंजाबी मजूर होते तसेच मेक्सिकनही होते. मेक्सिकोत १९१० साली क्रांती पेटली होती आणि त्या क्रांतीतल्या माणसांशी खानखोज्यांच्या ओळखी झाल्या त्या याच काळात.

पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले, नंतर बर्लिनला राहिले. मायदेशी परतण्याची वाट इंग्रज सरकारने बंद केलेली. अशा वेळी १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि जुन्या मैत्रीने दार उघडलं. अमेरिकेतल्या दिवसांपासून ओळखीचे असलेले रामोन दे नेग्री पुढे मेक्सिकोचे शेतीमंत्री झाले होते. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषिशाळेत खानखोज्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली.

इथून पुढची गोष्ट भाषेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्यांचे विद्यार्थी शेतकऱ्यांची मुलं, विषय मका आणि गहू, माध्यम स्पॅनिश. ते वर्गातच थांबले असते तर एक परदेशी मास्तर म्हणून त्यांची नोंद झाली असती. पण ते वर्गाबाहेर पडले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गावागावांत शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभ्या करायला घेतल्या. त्या कामात छायाचित्रकार टीना मोदोत्ती त्यांच्यासोबत होती. ती स्वतः इटलीहून आलेली, म्हणजे तिलाही स्पॅनिश परकीच. खानखोज्यांच्या मक्याच्या कणसांची तिने काढलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्या सुमारास चापिंगोच्याच प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होता. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने ‘आमची भाकरी’ या आशयाचं चित्र काढलं, त्यात जेवणाच्या मेजावर भाकरी वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे.

हे सगळे कोण होते पाहा. कुणी मंत्री, कुणी चित्रकार, कुणी परदेशातून आलेली छायाचित्रकार आणि बाकीचे गावातले शेतकरी. ‘मेक्सिकन मित्र करायचे’ असा संकल्प सोडून ही मैत्री झाली नव्हती. मका वाढवायचा होता, शेतकरी शहाणा करायचा होता; त्या कामात सगळ्यांचे हात लागले आणि मका सुधारण्यावरच्या खानखोज्यांच्या पुस्तिका स्पॅनिशमधून निघाल्या. १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. पुढे स्वतंत्र भारतात परतून ते नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये बसला. वर्ध्या-नागपूरकडेही हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक असतं.

४. मित्र तीन तऱ्हेचे

मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉचनर यांनी १९७७ मध्ये परदेशी शिकणाऱ्यांच्या मैत्रीची एक सोपी मांडणी केली. आपल्या देशातले, त्या देशातले आणि आपल्यासारखेच बाहेरून आलेले, असे तीन गोतावळे विद्यार्थ्यांभोवती तयार होतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

आपल्या माणसांकडे मन हलकं होतं. गणपतीच्या दिवसांत कुडाळची आठवण आली तर ती कळायला आपलंच माणूस लागतं. ‘तिथे गेल्यावर भारतीयांपासून लांब राहा’ असा सल्ला काही जण देतात; तो माणुसकीला धरून नाही आणि उपयोगाचाही नाही. एकटं पडलेलं माणूस नवी भाषा शिकत नाही, दार लावून बसतं. स्थानिक मित्र हे त्या समाजाची दारं उघडतात : घरमालकाशी कसं बोलायचं, दवाखान्यात कुठे जायचं, परीक्षेत काय विचारतात.

तिसरा गोतावळा मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. अल्मेरियाच्या वर्गात मोरोक्कोची, इटलीची, ब्राझीलची मुलं असतील. त्यांचीही स्पॅनिश अडखळती. दोघं अडखळणारे समोरासमोर आले की लाज उरत नाही, वेग आपोआप कमी होतो, शब्द सोपे निवडले जातात. पहिल्या दोन महिन्यांत स्पॅनिशचा सर्वांत चांगला सराव याच मुलांबरोबर होतो. त्यासाठी एक गोष्ट मात्र ठरवावी लागते : अडलं तरी इंग्रजीकडे वळायचं नाही.

युरोपात ही मुलं भेटतात कशी? १९८७ पासून युरोपीय देशांत ‘इरॅस्मस’ नावाची विद्यार्थी-अदलाबदलीची योजना आहे आणि अशा विद्यार्थ्यांना सर्वाधिक संख्येने सामावून घेणाऱ्या देशांत स्पेन आहे. १९८९ मध्ये विद्यार्थ्यांनीच ‘इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क’ ही संघटना काढली. तिच्या शाखा स्पेनच्या बहुतेक विद्यापीठी शहरांत आहेत. नव्या मुलाला जुन्या विद्यार्थ्याची जोडी लावून देणं, सहली, भाषा-अदलाबदलीच्या बैठका ही त्यांची नेहमीची कामं. भारतातून गेलेल्यांनाही तिथे जाता येतं.

५. मैत्रीला तास किती लागतात?

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच मोजलं. नव्या गावी राहायला आलेली प्रौढ माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० तासांच्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक, असा त्यांचा अंदाज निघाला.

हिशेब करून पाहू. मोरोक्कोच्या मुलीबरोबर आठवड्याला चार तास गेले तर ५० तास भरायला साडेबारा आठवडे लागतील, म्हणजे जवळजवळ एक सत्र. तेच सहा तास केले तर पंधरा आठवड्यांत ९० तास होतात. पण हेच तास दहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्रभरात नऊच येतात. दर शुक्रवारी नव्या पार्टीला जाणाऱ्यांच्या फोनमध्ये नावं खूप आणि रात्री दोन वाजता ताप आला तर बोलावण्यासारखं कोणी नाही, असं होतं ते यामुळे.

हॉल यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. वर्गात किंवा कामावर शेजारी बसलेले तास मैत्रीसाठी फारसे मोजले जात नाहीत. एकत्र खाणं, भटकणं, नुसतं बसून बोलणं यांचे तास मोजले जातात. वर्ग सुटल्यावर खोली गाठणाऱ्या अभ्यासू मुलांचं इथेच नुकसान होतं.

मग तास वाढवायचे कसे? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे राहायची जागा नीट निवडणं. अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये पुस्तकरूपाने आला. तिथे लगतच्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे घनिष्ठ मित्र होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. अंतर काही पावलांचंच होतं! तेव्हा एकटीची स्वतंत्र खोली घेण्यापेक्षा तीन-चार मुलींत एक फ्लॅट आणि एकच स्वयंपाकघर, ही सोय भाषेलाही पोषक आणि खिशालाही परवडणारी. फ्लॅटमध्ये निदान एक तरी स्पॅनिश बोलणारी असावी.

६. मराठी कानाला काय सोपं जातं

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना स्पॅनिश शिकायला अमेरिकी परराष्ट्र खातं ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरतं. मराठी माणसाला काही ठिकाणी वाट जास्त सरळ आहे.

‘आवडणे’ हे क्रियापद घ्या. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. आंबे अनेक झाले की दोन्हीकडे क्रियापद बदलतं, कारण वाक्याचा कर्ता आंबा आहे, आवडणारा माणूस नाही. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलांना ही रचना आठवडेच्या आठवडे छळते. मराठी मुलीला ती घरचीच. ‘मे पारेसे’ म्हणजे ‘मला वाटतं’ आणि ‘मे फाल्ता तिएम्पो’ म्हणजे ‘मला वेळ कमी पडतो’. साचा तोच.

क्रियापदावरून कर्ता कळत असल्यामुळे ‘मी’, ‘तू’ बोलायची गरज पडत नाही, हेही सारखं. बोलतो, बोलतोस, बोलतात. आब्लो, आब्लास, आब्लान. मोठ्यांना वेगळं आणि बरोबरीच्यांना वेगळं संबोधन तिथेही आहे, फक्त स्पेनमध्ये तरुण मुलं प्राध्यापकांनाही सर्रास ‘तू’ म्हणतात, याची सवय व्हायला वेळ लागतो. उच्चारात त्यांचा त आपल्या ‘त’सारखाच दाताला लागतो, ‘ट’ काढला की परका वाटतो.

अवघड जातं ते वेगळंच. आपल्या एका ‘असणे’साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत. ‘सोय दे कुडाळ’ म्हणजे मी कुडाळची, ‘एस्तोय एन अल्मेरिया’ म्हणजे मी सध्या अल्मेरियात आहे. ‘सोय लिस्ता’ म्हटलं तर ‘मी हुशार आहे’ आणि ‘एस्तोय लिस्ता’ म्हटलं तर ‘मी तयार आहे’. शिवाय अल्मेरिया आहे आंदालुसियात. तिथले लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि वर्गात शिकलेलं ‘लोस मांगोस’ बाजारात ‘लो मांगो’ ऐकू येतं. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही असं वाटलं तर दोष कानाचा नाही. बार्सिलोनाला जाणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी : तिथल्या विद्यापीठांत बरेच वर्ग कातालान भाषेत चालतात.

७. दशावताराची तयारी

कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं आणि संवाद नट रंगमंचावरच बोलत जातो. त्याला प्रसंग पक्के माहीत असतात, ठेवणीतली वाक्यं जिभेवर असतात आणि समोरचा जे बोलेल त्यावर उत्तर देण्याची तयारी असते. परक्या भाषेत गप्पा मारायची तयारी तंतोतंत अशीच करता येते.

नव्या ओळखीत तेच तेच विषय निघतात : कुठून आलीस, घरी कोण असतं, काय खाता, काय शिकतेस. या प्रत्येक विषयाचं दोन मिनिटांचं आख्यान आधी रचून ठेवावं. पाठ करू नये, प्रसंग ठरवावेत आणि रोज निराळ्या माणसाला सांगावं. पाचव्या वेळी सांगताना वाक्यं स्वतःहून जुळतात.

कुडाळच्या मुलीकडे या आख्यानांसाठी सामग्री भरपूर आहे. अल्मेरियाच्या पश्चिमेला मालागा आणि ग्रानादाच्या किनाऱ्यावर आंबा पिकतो, पण तो उतरतो सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास. आपल्याकडे हापूसचा हंगाम एप्रिल-मेमध्ये असतो हे सांगितलं की समोरचा शेतकरी हमखास प्रश्न विचारणार. तिथे चिरिमोया नावाचं आपल्या सीताफळाच्या कुळातलं फळ होतं, त्याच्या बिया काढता काढता अर्धा तास सहज जातो. मालागाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडं पेटवून काठीला टोचलेल्या तारल्यांसारख्या मासळ्या भाजतात. त्या धुराच्या वासाला उभं राहिल्यावर मालवणी पोरीला विषय शोधावा लागत नाही. मेक्सिकोची मुलगी भेटली तर आपला चिकू, मिरची आणि मका मूळचे तिच्याकडचे, हे तिला सांगता येतं.

भाषा-अदलाबदलीची जोडी मिळाली तर घड्याळ लावून बसावं : अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी. इंग्रजी सुधारायची असलेली स्पॅनिश मुलं विद्यापीठात पुष्कळ. एका बैठकीत तीनच चुका सुधारायच्या असा करार दोघांनी करावा. प्रत्येक चुकीला टोकलं तर बोलणाराच गप्प होतो.

८. जेवण झाल्यावर उठू नये

स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. आठ वाजता एकटीने जेवून मोकळी होणारी मुलगी त्या घराच्या तालात बसतच नाही. जेवण संपल्यावरही लोक मेजावरून उठत नाहीत. ताटं तशीच राहतात, कॉफी येते आणि तासभर गप्पा चालतात. आपल्या संस्कारांप्रमाणे ती लगेच ताट उचलून धुवायला जाईल, तर स्पॅनिशचा दिवसातला सर्वांत चांगला वर्ग तिने बुडवला. भांडी नंतर घासता येतात.

एखाद्या रविवारी आपण रांधावं. डब्यातलं नारळाचं दूध तिथे मिळतं, आमसुलं कुडाळातून नेलेली असतात. सोलकढी कशी केली हे स्पॅनिशमध्ये सांगताना आज्ञार्थी क्रियापदं जितकी वापरली जातील, तितकी कुठल्याही स्वाध्यायात येत नाहीत : भिजत घाल, गाळ, मीठ टाक, ढवळ.

९. निघण्याआधी आणि परतल्यावर

पाया इथेच घालता येतो. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. स्पेन सरकारने १९९१ मध्ये स्थापलेल्या इन्स्टिट्यूटो सेर्वांतेसचं केंद्र नवी दिल्लीत आहे आणि ‘डेले’ ही स्पॅनिशची परीक्षा त्या संस्थेकडून होते. पातळ्या सहा आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. निघण्याआधी ए-२ गाठलं तर स्वयंपाकघरातल्या गप्पांत पहिल्या आठवड्यापासून भाग घेता येतो. शून्यावरून गेलेल्यांचं पहिलं सत्र बाजारहाटाचे शब्द जमवण्यातच सरतं.

कुडाळला परतल्यावर स्पॅनिश बोलण्याचे तास घटू लागतात. स्पेनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन. कुडाळात रात्रीचे साडेसात झाले की अल्मेरियात हिवाळ्यात दुपारचे तीन वाजलेले असतात, म्हणजे नेमकी जेवणानंतरच्या गप्पांची वेळ. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे, तेव्हा तिथल्या मैत्रिणीला आपल्या सकाळी आठला फोन करावा, तिच्याकडे आदल्या दिवसाची रात्र साडेआठची असते. आठवड्यातला एक वार ठरवून टाकावा आणि कॉल जोडल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त स्पॅनिश, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा.